यादीतलं चौथं नाव

७ सप्टेंबर, रविवार, दुपार

धाकट्या,

पत्राची सुरुवात कशी करावी ते मला अजून जमत नाही. तू पाळक होतास तेव्हा 'पाळकसाहेबांस' असं लिहिता आलं असतं. भाऊ म्हणून लिहावं तर तू बोलत नाहीस. सात वर्षांत एकाही पत्राला तुझं उत्तर नाही, तेव्हा मायना चुकला म्हणून आणखी रुसशील अशी भीती नाही. म्हणून नुसती हाक मारते आणि पुढे जाते.

आज उपासनेत मी नेहमीसारखी आजाऱ्यांची यादी वाचली. चौदा नावं आहेत सध्या. चौथं काजबटणवाल्या मावशींचं. तुला आठवत असतील. शिंप्यांकडून शर्टांचे गठ्ठे आणायच्या, काजं करून, बटणं लावून परत द्यायच्या, आणि रविवारी मागून दुसऱ्या बाकावर खांबाआड बसायच्या. "आमच्या भगिनीचे सुजलेले पाय बरे कर आणि तिला पुन्हा आमच्यात आण," असं मी वाचलं, लोक आमेन म्हणाले, मी पाचव्या नावाकडे वळले.

उपासना सुटल्यावर एक अनोळखी बाई जवळ आली. दोन्ही हातांवर चटक्यांचे डाग. मावशींच्या इमारतीत तळमजल्यावर तिचं इस्त्रीचं दुकान आहे. तिने पिशवीतून मावशींकडचं गीतांचं पुस्तक काढलं, आपल्या मंडळीचा शिक्का असलेलं. "हे परत द्यायला आले होते," ती म्हणाली. "तुम्ही मघाशी वाचलंत ते चौथ्या मजल्यावरच्या काजवालीचंच ना?"

मी म्हटलं, "हो. कशा आहेत आता?"

"तिला पुरून नऊ आठवडे झाले, बाई. तुम्ही अजून तिचे पायच मागताय?"

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. आज दुकान बंद आहे हे सांगावं तशा सुरात म्हणाली. मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मावशींना धाप लागायला लागली तशी हिने आणि हिच्या नवऱ्याने रिक्षात घालून इस्पितळात नेलं. तिसऱ्या दिवशी मावशी गेल्या. नातेवाईक कोण, असं तिथे आधीच विचारलं होतं, तेव्हा मावशींनी आपल्या मंडळीचं नाव लिहून दिलं होतं. हिने पुस्तकातल्या शिक्क्यावरचा नंबर चार वेळा फिरवला. आपल्याकडे आता फोनला यंत्र असतं. आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, उपासनेच्या वेळा अमुक, मुलांच्या शिबिरासाठी दोन दाबा. बिचारीने दोनसुद्धा दाबून पाहिलं. शेवटी नगरपालिकेची गाडी आली.

म्हणजे नऊ रविवार आम्ही दोनशे माणसं एका मेलेल्या बाईचे पाय बरे कर म्हणून देवाला सांगत होतो. त्याला तरी काय वाटलं असेल कोण जाणे.

मी कचेरीत जाऊन आजाऱ्यांच्या भेटीचा तक्ता पाहिला. मावशींच्या नावापुढे दर आठवड्याला खूण आहे. म्हणजे कोणीतरी जाऊन येत असणार, कुठेतरी घोटाळा झाला असेल. बघू. आज डोकं चालत नाही.

तुझी ताई


११ सप्टेंबर, गुरुवार, संध्याकाळ

धाकट्या,

काल कमिटी बसली. नव्या हॉलामागच्या खोलीत. तू गेल्यानंतर हा हॉल झाला, तू पाहिलेला नाहीस. दारं काचेची आहेत आणि आपण जवळ गेलं की आपोआप उघडतात. तीन कॅमेरे आहेत. मोठा पडदा आहे, त्यावर गीताचे शब्द येतात, म्हणून पुस्तकं आता कपाटात. घरी बसून उपासना पाहणारे हॉलात येणाऱ्यांपेक्षा जास्त झालेत असं सांगतात, आणि ते अभिमानाने सांगतात. मला त्यात अभिमान कसला ते अजून समजलेलं नाही.

उगीच सगळ्याला नावं ठेवत नाही मी. रक्तदान होतं. गरीब मुलांच्या शिकवण्या चालतात, चांगल्या चालतात. नवे पाळक तरुण आहेत, बोलतात छान, माणूस सरळ आहे. पण डोळ्यांखाली काळं आलंय त्यांच्या. मीटिंग सुरू व्हायच्या आधी मला हळूच म्हणाले, "ताई, लोकांच्या घरी जायला मिळेल म्हणून मी पाळक झालो. या आठवड्यातली ही नववी मीटिंग."

अध्यक्ष आपले टाइलवाले. दुकान फरश्यांचं, त्यामुळे सगळ्यावर चकाकी आणायची सवय. ते म्हणाले, "नाव गुपचूप काढून टाका. येत्या रविवारी तेरा वाचा. मोजतंय कोण? वर्षाच्या शेवटी प्रभूमध्ये निजलेल्यांच्या यादीत घालू, म्हणजे झालं."

पाळक म्हणाले, "लोकांना सांगायला नको का?"

"साहेब, कॅमेरा चालू असतो. तुम्ही तिथून सांगणार की आम्ही दोन महिने मेलेल्या बाईसाठी प्रार्थना केली? हसं होईल आपलं. आपल्याला नाही, मंडळीला जपायचंय."

मग तक्ता टेबलावर आला. खुणा कोणाच्या? तुझ्या वेळी भेटीला जाणारे बावीस होते. आता दोघंच उरलोत, मी आणि घंटाकाका. काका अठ्ठ्याहत्तरचे झाले. अजून तेच घंटा वाजवतात, दार उघडतात, बंद करतात, कमरेला किल्ली लावून हिंडतात. टाइलवाल्यांनी त्यांना बोलावून घेतलं आणि गोड आवाजात विचारलं, "काका, तुमच्याकडून चुकून खूण झाली का हो?"

काकांनी डोकं खाजवलं. तक्त्याकडे पाहिलं, मग जरा वेळ माझ्याकडे. "असेल बुवा," म्हणाले. "हल्ली काल काय जेवलो ते आठवत नाही. गेलोय असं वाटून केली असेल."

झालं. काकांनी आता आराम करावा असं ठरलं. किल्ली घेतली. घंटेला वेळ लावायचं बटण बसवणार आहेत. काकांनी करगोटा सोडावा तशी किल्ली सोडली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मी पाणी प्यायले.

तू तिथे असतास तर काय म्हणाला असतास ते मला ठाऊक आहे. पण तू नव्हतास. झगा घडी करून खुर्चीवर ठेवायचा आणि चालतं व्हायचं, हे सोपं असतं. मागे राहणाऱ्यांना रोज फरशी पुसावी लागते. त्या वस्तीतली घरं पाडली तेव्हा तू चार कुटुंबं जुन्या हॉलात आणून ठेवलीस, चार रात्री. पाचव्या दिवशी कमिटीने विचारलं, बाहेर काढायचं का, हात वर करा. माझा हात वर गेला. मी कारणंही दिली होती, मुलांच्या वर्गाची अडचण, संडासाची अडचण. सगळी खरी होती. एका मताच्या फरकाने ठरलं, आणि ते मत सख्ख्या बहिणीचं, हे तू विसरणार नाहीस. मी तरी कुठे विसरले.

असो. काकांचं वाईट वाटलं एवढंच लिहायचं होतं.

ताई


१३ सप्टेंबर, शनिवार, सकाळ

धाकट्या,

त्या खुणा माझ्या आहेत.

लिहून टाकलं. आता पुढचं लिहिते.

जूनमध्ये मावशींचं नाव यादीत आलं, तेव्हा मी गेले होते. खरंच गेले होते, खालपर्यंत. चौथा मजला, लिफ्ट नाही, माझा गुडघा तर तुला माहीत आहे. वरून मशीनचा आवाज येत होता. म्हटलं, शिवतायत म्हणजे ठीकच आहेत. उगीच वर जाऊन त्यांचं काम कशाला खोळंबवा. हे सुद्धा मनातल्या मनात त्यांच्या सोयीसाठीच बघ. परत येऊन खूण केली. पुढच्या आठवड्यात खालपर्यंतही गेले नाही. तक्ता रिकामा दिसला की पाळक चौकशी करायचे, म्हणून खूण. मग सवयच लागली. शुक्रवारी तक्ता भरायचा, शनिवारी यादी टाइप करायची, रविवारी वाचायची. अठ्ठावीस वर्षं कोर्टात टाइपिंग केलं, एक अक्षर चुकू दिलं नाही. ही यादीसुद्धा नेहमी स्वच्छ असायची.

आणि मावशीच नव्हे. चौदांपैकी बहुतेकांचं तसंच.

आपण ज्याच्या नावाने जमतो त्याने फार अवघड काही सांगितलेलं नाही. उपाशी असेल त्याला वाढा, आजारी असेल त्याच्याकडे जा. त्याला हॉल लागत नाही, कॅमेरा लागत नाही. दोन पाय लागतात. आम्ही नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं केलं. टाइलवाल्यांना बोलायला माझं तोंड मोकळं असतं. पण मावशींच्या जिन्याखालून परत फिरलेली बाई टाइलवाली नव्हती.

काल काकांच्या घरावरून गेले. ओट्यावर बसले होते, नुसतेच. हात कमरेपाशी जायचा आणि परत यायचा. मी रस्त्याच्या पलीकडून गेले.

उद्या यादी वाचायची आहे. तेरा नावं टाइप करून ठेवलीत, टाइलवाल्यांनी सांगितलं तशी. मी खरं बोलले तर या वयात मंडळीतून तोंड काळं करून निघावं लागेल, आणि मंडळीशिवाय मला दुसरं काय आहे रे. नाही बोलले तर काका मरेपर्यंत स्वतःला विसरभोळे समजत राहतील. थकले मी. तुला विचारावंसं वाटतं आणि तू उत्तर देत नाहीस.

ताई


१४ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळ

धाकट्या,

बोलले.

ऐटीत वगैरे नाही. चष्मा घामाने घसरत होता. मी यादी उघडली आणि म्हटलं, काजबटणवाल्या मावशी नऊ-दहा आठवड्यांपूर्वी वारल्या, आपल्यापैकी कोणीही त्यांच्या मातीला नव्हतं. तक्त्यावरच्या खुणा काकांच्या नाहीत, माझ्या आहेत, आणि त्या खोट्या आहेत. मग बसायला हवं होतं. बसले नाही. काय सुचलं कोण जाणे, म्हटलं, आता एकेक नाव वाचते, या आठवड्यात त्यांना ज्यांनी पाहिलंय त्यांनी हात वर करा.

पहिलं नाव निवृत्त पोस्टमनचं, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. हात वर झाला तो त्यांचाच. "बाई, मी इथेच बसलोय," ते म्हणाले. "डोळे फेब्रुवारीतच बरे झाले."

लोक हसले. मीसुद्धा हसले असते. "मग सांगितलं का नाहीत?"

"कोणी विचारलं नाही. शिवाय आठवड्यातून एकदा कोणीतरी नाव घेतंय, ते बरं वाटायचं."

मग कोणी हसलं नाही. दुसरं नाव वाचलं, हात नाही. तिसरं, नाही. टाइलवाल्यांनी आवाजवाल्याला खूण केली आणि माझा माइक बंद झाला. माझा आवाज काही मोठा नाही, पण हॉल इतका गप्प होता की पुरला. पाचव्या नावाला एक हात आला, त्यांच्याच सुनेचा. सहाव्याला पाळक खुर्चीवरून उठून खाली आले आणि लोकांमध्ये उभे राहून म्हणाले, "मी गेलो नाही. पुढच्यांकडेही नाही. यातल्या निम्म्यांचे पत्ते मला माहीत नाहीत." प्रवचन त्यांनी केलंच नाही. कचेरीतली वही आणून पत्ते फळ्यावर लिहिले आणि ज्यांना जमेल त्यांनी उतरून घ्या म्हणाले.

फार मोठं काही घडलं असं समजू नकोस. दोनशेतल्या अकरा जणांनी पत्ते घेतले. बाकीचे गाड्या काढायला गेले, कारण उशीर झाला होता आणि घरी स्वयंपाक होता. टाइलवाले माझ्याकडे न बघता निघून गेले. त्यांची बायको मात्र मागे राहिली आणि मुकाट्याने एक पत्ता पर्समध्ये टाकून गेली.

शेवटचं नाव वाचायचं राहिलं, वेळ संपली.

ताई


२० सप्टेंबर, शनिवार, दुपार

धाकट्या,

यादीचं काम माझ्याकडून काढून घेतलं. बरोबरच आहे, मी कुरकुर केली नाही. मंडळीतून काढा असं कोणी म्हटलं नाही. दोन बायका बोलत नाहीत, त्या आधीही फारसं चांगलं बोलत नव्हत्या.

सोमवारी पाळकांकडून किल्ली मागून घेतली आणि काकांकडे गेले. माफी मागायची म्हणून वाक्यं पाठ केली होती. त्यांनी पुरी होऊ दिली नाहीत. म्हणाले, "अगं, मला ठाऊक होतं. मी त्या घरी कधी गेलोच नाही, आठवायचं काय त्यात? विसरभोळा असलो तरी एवढा नाही."

"मग कबूल का केलंत, काका?"

"माझ्या घरी मुलगा आहे, सून आहे, भांडायला माणसं आहेत. तुला मंडळीशिवाय कोण आहे? म्हटलं, राहू दे पोरीला तिथे."

त्रेसष्ट वर्षांच्या बाईला पोरगी म्हणाले. मी त्यांच्या ओट्यावर बसून रडले, आणि त्यांची सून आतून दोनदा डोकावून गेली. किल्ली त्यांनी ठेवून घेतली, घंटा मात्र बटणावरच राहणार. तेवढं चालेल म्हणाले, दोर ओढायला खांदा हल्ली साथ देत नाही.

बुधवारी इस्त्रीवालीबरोबर कबरस्तानात गेले. नगरपालिकेच्या भागात पत्र्याच्या तुकड्यावर नंबर आहे, नाव नाही. तिला जागा पाठ होती. ती दोनदा येऊन गेली होती, दुकान बंद ठेवून. मी विचारलं, तू आमच्यातली नाहीस, तुला काय पडलं होतं? ती म्हणाली, "वरखाली राहत होतो." एवढंच. तुला सांगते, इतक्या वर्षांत ऐकलेल्या प्रवचनांतलं मला आता काही आठवत नाही, आणि हे तीन शब्द डोक्यातून जात नाहीत.

पाळक रोज एका घरी जातात. मीटिंगा सोडतात असं नाही, मधल्या वेळेत पळतात. मंडळी सुधारली का, असं विचारशील तर मला माहीत नाही. अकरांतले सात जण गेले. यादीतले पाच केव्हाच बरे झालेले निघाले, एक दुसऱ्या गावी गेलेत. हे चांगलं की वाईट?

आता मागच्या पत्रात लिहिलं नाही ते. वेळ संपली नव्हती. शेवटचं नाव माझ्याच्याने वाचवलं नाही. ते तुझं आहे. 'आमचे पूर्वीचे पाळक, जिथे असतील तिथे त्यांना सुखरूप ठेव.' ज्या आठवड्यात तू गेलास त्या आठवड्यात मीच घातलं होतं, आणि सात वर्षं दर रविवारी वाचलं. इतरांची नावं येतात जातात, तुझं आपलं तळाशी कायम. त्या दिवशी कागदावर तिथे आले आणि पुढचा प्रश्न मलाच विचारावा लागणार होता. यांना कोणी पाहिलंय?

पत्रं लिहिते, त्याला पाहणं म्हणत नाहीत. पत्रं परत येत नाहीत, म्हणून तू आहेस असं धरून चालले. परवा यादीतल्या त्या निवृत्त पोस्टमनना सहज विचारलं, घरात माणूस नसेल तर पत्र परत येतंच ना? ते हसले. "बाई, पेटी दिसली की आत टाकायचं. आत माणूस आहे की नाही ते कोण बघतं?"

तेव्हापासून जेवण जात नाही.

ताई


२३ सप्टेंबर, मंगळवार, सकाळ अकरा

धाकट्या,

हे तुझ्या जिन्यावर बसून लिहितेय, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. बसने दोन तास लागले. दोन तास. मला वाटायचं, तू फार लांब राहतोस.

खाली पत्र्याच्या पेट्या आहेत. तुझ्या पेटीच्या फटीतून माझं शनिवारचं पत्र दिसलं, तसंच पडलेलं. आधीची दिसली नाहीत. म्हणजे कोणीतरी काढतं. तू की तुझ्यामागे राहायला आलेलं दुसरंच कोणी, ते खालून कळत नाही. चौकीदाराला विचारणार होते, पण तो नाही म्हणाला असता तर मला वर चढवलं नसतं. म्हणून विचारलं नाही. गुडघा दुखतोय. धाप लागली म्हणून बसले असं स्वतःला सांगितलं, ते खोटं आहे. भीती वाटते.

तू असलास तर काय बोलायचं ते ठरवलंय. हात वर केला ते चुकलं. कारणं खरी होती आणि तरी चुकलं. हे मी एवढ्या पत्रांत कधीच लिहिलं नाही. आता समोरच म्हणेन. तू दार लावून घेतलंस तरी चालेल, तू लावलंस एवढं तरी कळेल.

आता उरलेल्या पायऱ्या चढून तुझ्या दाराशी आलेय. कागद भिंतीला टेकवून लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं. दारावर पाटी नाही. आत नळ चालू आहे.

वाजवलं.

नळ बंद झाला. आतून "कोण आहे?" असं आलं. आवाज जाड झालाय, पण तुझाच आहे. उत्तर लिहीत बसत नाही.